मूळ ठिकाण: सेंट व्हिन्सेंट

गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रास तनुराजवळच्या एका कंत्राटदार कंपनीच्या कॅम्पमध्ये सिरिलो नावाचा क्रेन ऑपरेटर आपल्या खोलीत मृत आढळला. वय एकेचाळीस. सकाळच्या बसला तो आला नाही म्हणून फोरमनने माणूस पाठवला. दाराला आतून कडी घातलेली नव्हती. डॉक्टरांनी कारण लिहिलं, हृदयक्रिया बंद पडली. राष्ट्रीयत्व बेलीझ, म्हणजे मध्य अमेरिकेतला समुद्रकाठचा एक लहान देश. आखातात कोळंबी धरण्यावरची बंदी उठून त्या दिवशी चार दिवस झाले होते.

यंदा पुन्हा ऑगस्ट लागला आणि बंदी उठली. सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर हा महिना कोरडा नसतो. समुद्र हवेत चढतो. खोलीच्या गारव्यातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर पांढरा पडदा येतो, आणि तो पुसून होईतो बस निघून गेलेली असते. बिजागऱ्या गंजतात. उशी ओलसर राहते. एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली दुपारपर्यंत भरते. बारा ते तीन उन्हात काम करायला मनाई असते. त्या तीन तासांत माणसं पत्र्याच्या सावलीत आडवी होतात. कतीफच्या मासळीबाजारात कोळंबीच्या पाट्या लागतात. आमच्या मेसचे आचारी मुश्ताकभाई श्रीवर्धनचे. बंदी उठली की ते पहिल्या जुम्म्याला एक पेटी आणतात आणि उलट्या क्रेटवर बसून सोलतात. यंदाही त्यांनी आणली. तेवढ्याच कोळंब्या, तेवढंच नारळाचं दूध. कच्ची केळी मात्र आणली नाहीत.

केळ्यांची गोष्ट पाच ऑगस्टांपूर्वीची. सिरिलो कॅम्पवर येऊन महिना झाला असेल. एका शुक्रवारी तो हिंदुस्थानी दुकानातून कच्च्या केळ्यांचा घड घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि इंग्रजीत विचारलं की चूल एक तास मिळेल का. त्याला केळी उकडून कुटायची होती, आणि मासळी नारळाच्या रसात शिजवायची होती. या जेवणाला त्यांच्या भाषेत हुदुत म्हणतात. उखळ नव्हतं. स्टोअरमधून कुदळीचा नवा दांडा आणला, उकळत्या पाण्याने धुतला आणि स्टीलच्या डेगीत कुटणं सुरू झालं. सेफ्टी इंजिनिअर देवरे, नाशिकचे, आवाज ऐकून आले आणि या अवजाराचं परमिट काढलंय का म्हणून विचारून गेले.

मुश्ताकभाईंचा आक्षेप वेगळा होता. केळं उकडून कुटायचं हे आजारी माणसाचं जेवण, असं त्यांचं म्हणणं. पण नारळाच्या रसातल्या मासळीची चव घेतल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला. मग मला म्हणाले, "याला विचार, हे कालवण याच्या गावात कोणी नेलं. चोरी आहे ही सरळसरळ." मी विचारलं. सिरिलोने सांगितलं की ते त्याच्या आजीच्या आजीच्याही आधीच्या एका आजीकडून आलं, आणि तिच्याकडे कुठून आलं हे ती सांगायच्या आत इंग्रजांनी तिला बोटीत घातलं. मुश्ताकभाईंनी तोही खुलासा अमान्य केला आणि आणखी वाढून घेतलं. त्यानंतर दर ऑगस्टला दोघं मिळून ते कोळंबी घालून करू लागले. घटक ठरलेले, भांडण ठरलेलं.

क्रेनवर त्याचा हात शांत होता. वाऱ्यात बोजा गोल फिरू लागला की नवखा ऑपरेटर घाईने खाली आणतो. सिरिलो थांबायचा. लोंबकळणारं वजन आपोआप स्थिरावेपर्यंत थांबायचा, खालचे लोक शिव्या देत असले तरी. जेट्टीवर त्याच्या नावावर एकही अपघात नाही. हे मी आठवणीवरून लिहीत नाही. नोंदवही माझ्याकडेच असते.

कॅम्पची कागदपत्रं मी बघतो. आधी रत्नागिरीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. तिथली सवय म्हणून प्रत्येक रकाना भरलेला असावा असं वाटतं. नवा माणूस आला की त्याचं आपत्कालीन कार्ड मी भरून घेतो. नाव, रक्तगट, इकामा म्हणजे राहण्याच्या परवान्याचा क्रमांक, औषधांची ॲलर्जी, मूळ ठिकाण, फोन. काही झालं तर माणसाला किंवा त्याच्या सामानाला कुठे पाठवायचं, ते या मूळ ठिकाणावरून ठरतं.

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न कळायला वेळ लागत नाही. बायकामुलं मुंब्र्याला असतात, पोरं तिथेच जन्मलेली असतात, गावच्या घराला बारा महिने कुलूप असतं. तरी तो दापोली सांगतो, म्हसळा सांगतो, राजापूर सांगतो. आणि त्यात कधी काही बिघडलं नाही. आम्हा मुसलमानांतला माणूस इथे गेला तर त्याची माती इथेच होते, शक्यतो त्याच दिवशी. मागे उरते एक बॅग. ती गावच्या पत्त्यावर गेली तरी मशिदीत कोणीतरी ओळखतंच आणि मुंब्र्याला निरोप जातो. नाशिक-पुण्याचा कोणी असेल तर मृतदेहाची पेटी मुंबईला उतरते आणि घरचे विमानतळावर हजर असतात. म्हणून इतकी वर्षं हा रकाना मी जसा भरला तसाच भरत आलो. सध्याचं घर विचारायचं नाही, मूळचं विचारायचं.

सिरिलोलाही तेच विचारलं. बेलीझ हे त्याने पासपोर्टवरचं सांगितलं. मी म्हटलं, तसं नाही, तुझी माणसं मूळची कुठली. त्याने खुर्ची पुढे ओढली. त्याची माणसं, ज्यांना गारिफुना म्हणतात, ती मूळची कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरची. आफ्रिकेतून आलेले आणि बेटावरचे आधीचे, अशा दोघांची मिळून ती जमात झाली. बेटाला ते युरुमेन म्हणतात. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्रजांनी लढाईत हरवल्यावर त्यांना पकडून शेजारच्या एका उजाड बेटावर ठेवलं. तिथे पाणी नव्हतं. निम्म्याहून जास्त तिथेच मेली, असं घरात सांगतात. उरलेल्यांना जहाजात घालून दूरच्या किनाऱ्यावर सोडलं. तिथून पसरत पसरत काही बेलीझला आली.

मी विचारलं, त्या बेटावरचं गाव कुठलं. तो म्हणाला, गाव माहीत नाही, बेट लहान आहे, चालेल. कधी गेला आहेस का, असं विचारलं. "आमच्या घरातलं कोणीच गेलेलं नाही," तो म्हणाला. "काढल्यापासून कोणीच नाही."

मी मूळ ठिकाण या रकान्यात सेंट व्हिन्सेंट लिहिलं. त्याने कार्ड उचलून दोनदा वाचलं. मग हसला. म्हणाला, "हे कुठल्याच कागदावर नसतं. राहू दे." आणि सही केली.

एका वर्षी नोव्हेंबरात त्याने फोनवर गावाकडचा व्हिडिओ दाखवला. उजाडायच्या सुमाराला माणसं होड्या घेऊन समुद्रात जातात, थोडं आत जाऊन वळतात आणि किनाऱ्याला लागतात. हातात कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, कांड्या, केळीचे कोंब, ढोल. किनाऱ्यावरचे त्यांना नव्याने आलेले समजून उतरवून घेतात. दरवर्षी हे करतात. हाकलल्याचा दिवस करत नाहीत का, असं देवऱ्यांनी विचारलं. सिरिलोने सांगितलं, त्या दिवसाचं काही करता येत नाही, तिकडे होड्या पोहोचत नाहीत.

मूळ या विषयावर मेसमध्ये एकदाच मोठी चर्चा झाली, तीही अशाच चिकट ऑगस्टमध्ये. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरांत सांगतात की आपले पूर्वज अरब, गलबतातून व्यापाराला आले आणि किनाऱ्यावर राहिले. मुश्ताकभाईंनी हे एकदा कॅम्पच्या सौदी सुपरवायझरला ऐकवलं होतं, की आमचे दादा-परदादा तुमच्यातलेच. तो माणूस भला होता. त्याने ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, "फिर कफील क्यों लगता है?" कफील म्हणजे ज्याच्या जामिनावर इथे राहता येतं तो. मुश्ताकभाई हा किस्सा स्वतःच सांगून स्वतःच हसायचे. सिरिलोला तो समजावून सांगितला तेव्हा तो हसला नाही. त्याने विचारलं, म्हणजे तुम्ही मूळ देशात पोहोचलेले आहात? मुश्ताकभाई म्हणाले, हो, आणि दरवर्षी परवाना नवा करून घेतो. मग सिरिलोने विचारलं, कसं वाटतं. मुश्ताकभाईंनी डेग घासायला घेतली.

तो गेला त्या दिवशी संध्याकाळी चार वाजता मी कार्डावरच्या क्रमांकावर फोन केला. तिकडे सकाळचे सात. फोन त्याच्या बहिणीने, हर्मिनाने उचलला. ती गावातल्या शाळेत शिकवते. मी सांगितलं. तिने वेळ विचारली, खोलीत कोणी होतं का विचारलं, पायात काय होतं ते विचारलं. अनवाणी होता, मी सांगितलं. ती म्हणाली, बरं. घरी आणखी एक व्यक्ती होती, त्यांची मावशीआजी, वय नव्वदच्या घरात. आई नव्हती. मावशीआजींना कसं सांगायचं, हे हर्मिनाने मला विचारलं नाही.

पुढचं थोडक्यात असं. कंपनीच्या सरकारी कामं बघणाऱ्या माणसाने, त्याला इथे मंदूब म्हणतात, माझ्या कार्डावरून अरबीत पत्र तयार केलं. मृतदेह सेंट व्हिन्सेंटला पाठवायचा आहे, असं त्यात होतं. हॉस्पिटलच्या कागदावर इकाम्याप्रमाणे बेलीझ होतं. दोन कागद जुळेनात म्हणून फाइल अडली. अडल्याचं आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं, कारण मधल्या काळात मंदूब रजेवर होता आणि त्याच्या जागी आलेल्याला वाटलं की काम चालू आहे. देवऱ्यांनी सगळे कागद टेबलावर मांडले आणि पाचव्या रकान्यावर बोट ठेवलं. ते मला रागावले नाहीत. म्हणाले, "रियाझभाई, अहवालात कारकुनी चूक एवढंच लिहू. नाव नको." मी नाव लिहिलं. चूक कोणाची हे अहवालात नसेल तर तो अहवाल अपुरा असतो.

मृतदेह हॉस्पिटलच्या शीतगृहात होता. बाहेर रात्रंदिवस दमट. त्या आठवड्यात मुश्ताकभाईंनी कोळंबीची दुसरी पेटी आणली नाही.

मंदूबने दोन रस्ते सांगितले. पहिला: घरच्यांनी सेंट व्हिन्सेंटला संमती दिली तर आहे ती फाइल पुढे सरकेल, दहा-बारा दिवसांत पेटी निघेल, आणि तिकडच्या नियमांत बसलं तर घरच्यांना तिथे जाऊन चेहरा बघता येईल. दुसरा: सगळं नव्याने बेलीझच्या नावाने. त्याच्या देशाचं इथलं काम दुसऱ्याच एका दूतावासाकडे होतं, असं सांगण्यात आलं. घरच्यांचं मुखत्यारपत्र, त्यावर तिकडचे शिक्के, मग इकडचे. सहा आठवडे, कदाचित जास्त. एवढ्या उशिरानंतर पेटी कायमची बंद करून देतात.

हे हर्मिनाला सांगण्याचं काम माझं होतं. चार वाजता फोन केला. तिने तो स्पीकरवर ठेवला, कारण मावशीआजी शेजारी बसल्या होत्या. मी दोन्ही रस्ते सांगितले आणि चूक माझ्या हातची आहे हेही सांगितलं. हर्मिनाने ते आपल्या भाषेत मावशीआजींना सांगितलं. त्या बोलू लागल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या. हर्मिना मधेमधे तोडत होती, त्या थांबत नव्हत्या. मला समजत असलेला एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता, युरुमेन.

शेवटी हर्मिना म्हणाली, "ती म्हणते पाठवा तिकडेच. मेल्यावर सगळे तिकडेच जातात. याला सरकार सरळ नेतंय तर वळसा कशाला."

मग तिने पुढचंही सांगितलं.

"ती म्हणते, आमच्यातला एक तरी परत जाईल."

मग मला सांगणं भाग होतं. कार्ड भरताना काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला होता राहू दे.

तिने विचारलं, "हसत म्हणाला का?"

हो, मी म्हटलं.

"तो खरं बोलताना हसायचा," ती म्हणाली.

तिकडे कोंबडा ओरडत होता. मग तिने मला समजावलं, शाळेत समजावतात तसं. त्यांच्याकडे दफनानंतर नऊ रात्री प्रार्थना होते. नववी रात्र मोठी. गाव जमतं, ढोल वाजतात, जेवण होतं, गेलेल्याच्या गोष्टी सांगतात, खोट्यासुद्धा, हसतात, पत्ते खेळतात, आणि उजाडताना त्याला निरोप देतात. हे झाल्याशिवाय तो घरातून निघत नाही. त्या बेटावर त्यांची भाषा बोलणारं कोणी आता आहे का, हे तिला माहीत नव्हतं. त्याला तिथे उतरवून कोण घेणार, नऊ रात्री कोण बसणार, त्याच्याबद्दल खोटं कोण सांगणार.

"मिस्टर रियाझ, ती आमची जागा आहे," ती म्हणाली. "पण तिथे त्याला कोणी ओळखत नाही. घरी पाठवा."

चेहऱ्याचं तिला पुन्हा विचारलं. तिला समजलं होतं. मावशीआजींना तिने त्या वेळी ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही. त्या अजून बोलत होत्या.

त्याच सुमारास दम्मामला देवऱ्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. त्यांच्या मुलीला शाळेत आपल्या मूळ गावाबद्दल लिहायचं होतं. ती सहावीत आहे, जन्म इथलाच. देवऱ्यांनी निफाडजवळचं एक नाव सांगितलं. तिने इंग्रजीत विचारलं की तिथे आपलं कोण राहतं. कोणी नाही, त्यांनी सांगितलं, जमीनही विकली. तुम्ही राहिलात का? सुट्टीत, चार दिवस. मग ते आपलं कसं, तिने विचारलं. देवऱ्यांच्या पत्नी म्हणाल्या, लिही म्हटलं की लिहायचं, वाद घालायचा नाही. मुलीने लिहिलं. स्पेलिंग मला विचारलं.

मुखत्यारपत्राच्या पहिल्या प्रतीवर एक शिक्का कमी होता. ती परत गेली. सप्टेंबरच्या मध्यावर दुपारच्या कामाची मनाई संपली. क्रेनवर एक नेपाळी ऑपरेटर आला. बोजा फिरू लागला की तो तिसऱ्या खेपेला थांबायला शिकला. ऑक्टोबरात हवेतला दमटपणा उतरला. चष्म्यावरचा पडदा गेला.

कंपनीने नवं कार्ड छापलं. पाचव्या रकान्यात आता मूळ ठिकाण नाही. घरचे सध्या जिथे राहतात तो पत्ता आहे. सगळ्या कॅम्पची कार्डं पुन्हा भरून घेतली. त्याला अकरा दिवस लागले. माणसं पत्ता सांगायला अडखळत होती. महाडकडचा एक वेल्डर, वीस वर्षं ज्याचं कुटुंब मुंब्र्यात आहे, त्याने मुंब्रा सांगितलं, सही केली, दारापर्यंत गेला आणि परत आला. खाली कोपऱ्यात गावाचं नाव लिहा म्हणाला. कोपऱ्यात जागा नव्हती. मी मागच्या बाजूला लिहिलं. मुश्ताकभाईंनी आपलं कार्ड कोरंच परत दिलं. म्हणाले, "माझं काय पाठवायचंय? मी इथलाच ना." मी त्यांच्या मुलाचा श्रीवर्धनचा पत्ता घातला, कारण मुलगा तिथे राहतो. त्यांनी वाचलं नाही, अंगठ्याने कार्ड माझ्याकडे सरकवलं.

सिरिलोच्या खोलीतलं सामान मी आणि मुश्ताकभाईंनी बांधलं. यादी केली: कपडे, दोन जोड बूट, फोन, चार्जर, मातेचं चित्र असलेली ख्रिस्ती जपमाळ, प्लास्टिकच्या डब्यात कसली तरी वाळलेली पानं. पानांची पिशवी कस्टममध्ये अडेल म्हणून मंदूबने काढायला सांगितली. काढली. तशी नोंद केली.

पेटी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दम्मामहून निघाली. तिने तीन विमानं बदलली. बेलीझ सिटीच्या विमानतळावर हर्मिनाने सही करून ती ताब्यात घेतली आणि शाळेच्या गाडीतून गावी नेली. पेटीवर चिकटवलेल्या कागदावर अरबी आणि इंग्रजीत लिहिलं होतं की आरोग्याच्या कारणास्तव ही उघडू नये. दफन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. हर्मिनाने फोनवर सांगितल्याप्रमाणे, मावशीआजींनी त्याआधी झाकण काढायला सांगितलं. ते काढलं गेलं नाही.